वादळात उडालेली टोपी

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण कॉम्प्युटरमधल्या वादळानं माझी टोपी उडवली!" जेवणाच्या सुट्टीत म्हातारा वेल्डर रंगात आला. गोष्ट सकाळचीच, याच खोलीतली. त्याच्या इंजिनीअर नातीनं आखलेला पहिलाच पूल कॉम्प्युटरवरच्या चाचणीतल्या खोट्या वादळात टिकला नाही, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. चाळीसदा वारा सोडला, चाळीसदा पूल ओल्या फडक्यासारखा पिळवटला. पोर रडकुंडीला आली. म्हातारा म्हणाला, "अगं, वाऱ्यात पत्रे वाहण्यात माझा जन्म गेला. सरळ कड वाऱ्याशी भांडते. कडा निमुळत्या कर." तिनं केल्या. वारा सुटला. पूल थरथरला, सावरला आणि ठाम उभा राहिला! "त्याच क्षणी पडद्यातून असा झोत आला, की टोपी थेट त्या पंख्यावर!" सगळ्यांनी माना वर केल्या. बंद पंख्यावर टोपी खरंच लटकत होती. "थापा!" दारातून नात ओरडली. "आजोबा, नाचताना तुम्हीच भिरकावलीत ती!"