यंत्रानं कापलेली तुळस

मंदाकिनीच्या नारायण पेठेतल्या काढ्यांच्या दुकानात धाकट्या दिरानं, आमोदनं, यंत्रानं कापलेल्या तुळशीची पोती आणून टाकली.

“तुळशीखेरीज यात काही नाही ना, भावोजी?”

“संशय असेल तर परत नेतो, वहिनी!” तो डाफरला.

मंदाकिनीनं आतून वाफाळता काढा आणला. “तुमच्याच कालच्या पोत्यातला आहे. घ्या.”

आमोदनं पेला हातात घेतला, वास घेतला आणि खाली ठेवला. “नुकताच चहा झालाय.”

“घ्या हो. गिऱ्हाइकं घेतातच की.”

तो उठून दाराकडे निघाला.

“थांबा. हा काढा घरच्या कुंडीतल्या तुळशीचा आहे,” मंदाकिनी म्हणाली. “कालच्या पोत्यात विषारी धोतऱ्याची पानं निघाली. आत्तापर्यंत मला वाटत होतं, तुम्हाला ठाऊक नसेल.”