चंद्रपतंगाची वाट

उजाडता उजाडता उर्वशी बुधरीच्या कुंपणाजवळच्या मोवईच्या झाडाकडे निघाली, पण चार पावलं अलीकडेच थबकली. पुढं जायचा धीर होईना.

"बुधरीबाई, तुमीच पाहा ना."

चंद्रपतंग शोधत तिनं इथल्या जंगलात तीन पावसाळे घालवले होते. हाती लागला तो एकच कोश, तोही पाचोळ्यात पडलेला. बुधरीच्या घरी टोपलीत ठेवलेल्या त्या कोशातून काल मादी बाहेर आली. फिक्कट हिरवी, लांब शेपट्यांची. अळी मोवईचा पाला खाऊन वाढते, पण या पतंगाला खायला तोंडच नसतं; मोजक्या दिवसांचं आयुष्य. तेवढ्यात नर आला नाही तर अंडी वाया. म्हणून काल सांजेला दोघींनी तिला मऊ धाग्यानं फांदीला बांधलं. तिच्या वासावर नर दुरून येतो, हे ऐकून बुधरी हसली होती.

"अन् कोनी उरलाच नसन तं?"

उर्वशीनं धाग्याची गाठ पुन्हा तपासली होती.

आता बुधरीनं पदर खोचला, फांदी हळूच खाली ओढली. पानांआड वाकून पाहिलं.

"काय झालं?"

"ये पोरी. दोन हायेत."

नर होता. पंखांच्या कडा फाटलेल्या, एक शेपटी तुटलेली. मादीला बिलगून निश्चल. उर्वशीनं कॅमेरा उचलला, पण तो तसाच गळ्यात सोडून ती आणखी जवळ वाकली.

"लय दुरून आला असन," बुधरी म्हणाली. "कोन्या अंगानं?"

"वास वाऱ्यासंगं जाते. हा वाऱ्याच्या उलट दिशेनं उडत येते. रात्री वारा कोनीकडून होता?" उर्वशीनं विचारलं.

"जंगलाकडून. माह्या चुलीचा धूर सारा वावराकडं जाऊन राह्यला होता."

म्हणजे वास गेला वावराकडं, अन् नर आला तिकडूनच. दोघी वळल्या. कुंपणापलीकडं पार सडकेपर्यंत धानाची शेतं, बांध्याच बांध्या. जंगल नाही तिथं काय शोधायचं, म्हणून उर्वशीनं तिकडं कधी पाऊलही टाकलं नव्हतं. बांध्यांच्या धुऱ्यांवर, मातीच्या बांधांवर, मोवया उभ्या होत्या. कुणाकुणाच्या हातच्या, सावलीसाठी लावलेल्या.

बुधरी डोळ्यांवर हात धरून पाहत राहिली.

"आमी तं धानाच्या रोवन्याले रोज तिकडंच असतो," ती म्हणाली. "वाकून वाकून. वर कोनी पाह्यलंच नाई."