पदावर नसलेला माणूस

सिनेटच्या गॅलरीत पहिल्या रांगेत डेल्फिया रॅटलिफ बसली होती. मुठीत नवऱ्याचा पितळी बिल्ला होता. खाणीत उतरताना माणूस आपला बिल्ला फळ्यावर अडकवतो, वर आला की काढून घेतो. ऑर्बीचा बिल्ला अकरा दिवस फळ्यावरच राहिला, मग कोणीतरी तो काढून तिच्या हातात ठेवला.

खाली निळ्या कोटात लेलँड प्रूट बसला होता, परवा-परवापर्यंत राज्याचा खाण-सुरक्षा आयुक्त. हवेचे पंखे बंद पडलेल्या खाणीला या गृहस्थाने घरबसल्या 'सर्व ठीक' अशी सही ठोकली, आणि ऑर्बीसकट नऊ जण वायूच्या स्फोटात गेले. महाभियोगाचं मतदान दुपारी दोनला होतं. प्रूटने दीडला राजीनामा दिला. खालच्या सभागृहाने तरीही महाभियोग मंजूर केला, आणि आता सिनेटपुढे त्याच्या गुन्ह्याची गोष्टच नव्हती. पद सोडून गेलेल्यावर हा खटला चालतो का, एवढाच वाद होता.

जो आपणहून गेला त्याला पदावरून काढणार कसं, असा प्रूटच्या वकिलाचा सवाल होता. साप निघून गेल्यावर भुई धोपटून काय मिळणार, असंही तो म्हणाला, तेव्हा दोन-चार सिनेटर हसले. डेल्फियाच्या अंगाची आग झाली. साप गेला कुठे होता? तो नुसता शेजारच्या घराखाली शिरला होता. दोषी ठरलेल्याला पुन्हा कधीही पद धरता येणार नाही, हेही राज्यघटनेतच लिहिलेलं होतं, आणि तिला तेवढी एकच ओळ हवी होती. ऑर्बी परत येणार नाही हे तिला कळत होतं. पण तिचा धाकटा, कॉर्बिन, आज सकाळीही पलीकडच्या खाणीत उतरला होता.

खटला काढून टाकावा, या ठरावावर एकेक नाव पुकारलं जाऊ लागलं. अठरा मतं पडली की संपलं. ती बोटांवर मोजत होती. सतरा झाली तेव्हा पुकारा झाला, "स्कॅग्ज."

बर्ल स्कॅग्ज त्यांच्याच खोऱ्यातला. सिनेटर होण्याआधी वीस वर्षं ऑर्बीच्या जोडीने कोळसा फोडलेला. गेल्या रविवारी तिच्याच टेबलाशी बसून त्याने घेवडा आणि मक्याची भाकरी खाल्ली होती आणि खटला चालू द्यायच्या बाजूने मत देण्याचा शब्द दिला होता. तो उठला, वर गॅलरीकडे बघायचं त्याने टाळलं.

"काढून टाकावा," तो म्हणाला.

पुढची नावं तिने ऐकली नाहीत.

बाहेर व्हरांड्यात स्कॅग्जने तिला गाठलं. टोपी त्याने हातात काढून घेतली होती.

"डेल्फिया, तो दोषी आहे. हे मी देवापुढे सांगेन."

"देवाला ठाऊक आहे, बर्ल. तुला ते आत सांगायचं होतं."

"पण तो आता पदावर नाही ना. घटनेपुढे माझे हात बांधलेले आहेत गं."

तेवढ्यात सभागृहाचं दार उघडलं. "या, आयुक्तसाहेब," म्हणत पहारेकऱ्याने अदबीने वाट करून दिली. त्या राज्यात एकदा चिकटलेला हुद्दा माणसाच्या थडग्यापर्यंत जातो, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. प्रूट हात मिळवत-मिळवत पुढे आला. स्कॅग्जनेही सवयीने हात पुढे केला. मग प्रूटने डेल्फियाच्या हातात एक कार्ड ठेवलं. तिला त्याने ओळखलंही नव्हतं.

"पुढच्या निवडणुकीला उभा आहे, बाई. लक्ष असू द्या."

कार्डावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: आयुक्त लेलँड प्रूट.

तिने ते दोनदा वाचलं आणि स्कॅग्जच्या कोटाच्या खिशात सरकवलं.

"चारला कॉर्बिनची पाळी सुटते," ती म्हणाली. "मला निघायला हवं. त्याने फळ्यावरून बिल्ला काढलेला बघितल्याशिवाय मला घरी जाता येत नाही."