पहिलं उड्डाण

निलंग्याजवळच्या आटलेल्या तलावात वीरभद्रानं स्वतः बनवलेलं, रिमोटवर उडणारं छोटं विमान उभं केलं, पण इंजिन काही सुरू होईना. आतल्या, इंधन पेटवणाऱ्या ग्लो प्लगला बाहेरून बॅटरी जोडून तापवायचं होतं, आणि प्लग तापतच नव्हता. त्यानं बॅटरी बदलली, वायर बदलली. शेवटी बॅटरीची पिन घालायच्या भोकात डोकावून पाहिलं. आत पांढरं काहीतरी गच्च बसलं होतं.

“शिवकांता, ह्यात काय भरलीस गं?”

“विभूती,” बायको म्हणाली. “पहिल्यांदा उडायलंय म्हणून लावले.”

त्यानं टाचणीनं भोक साफ केलं. प्लग तापला, इंजिन गरजलं, विमान वर गेलं!

“गेलं बिनविभूतीचं,” शिवकांता फुरंगटली.

“उरली असंल तर माझ्या कपाळाला लाव, लवकर!” रिमोट घट्ट धरून, आभाळात बघत वीरभद्र ओरडला. “उतरवायला मला अजून येत न्हाई!”