निरोगी नमुना

एचआयव्हीच्या तपासणीत रुग्णांच्या रक्तासोबत एका निरोगी माणसाचंही रक्त लावायचं, अशी लॅबची रीत होती. त्याला लागणीचा रंग चढला नाही, की बाकीच्या निकालांवर भरवसा ठेवायचा. आज नेमका त्यालाच पिवळाधमक रंग चढला.

"किट बिघडलेलं दिसतंय, ताई. दुसरं फोडू?" सहकारीण वैतागली.

"फोड."

दुसऱ्या किटमध्येही तोच रंग.

"अगंबाई! हा निरोगी माणूस धरून आणलात तरी कुठून?" सहकारीण हसली.

सकाळी रक्त काढल्यावर हातावर चिकटवलेला कापूस ताईंनी हळूच बाहीखाली झाकला. तेवढ्यात घरून आईचा फोन आला.

"निघालीस का गं? बाळ बाटलीला तोंडच लावत नाही. तुझ्याच दुधासाठी हटून बसलंय."