काळ्या पट्टीखाली

सुनावणीत बोलायला मिळालेल्या तीन मिनिटांचं घड्याळ सुरू झालं, तरी होवीता कांतू पर्समध्ये चष्माच शोधत होती.

शाळेच्या जिममध्ये बास्केटबॉलच्या जाळीखाली टेबल मांडलं होतं. मधोमध सरकारी अधिकारी व्हिटकम, त्याच्या शेजारी रॉकेट कंपनीच्या वकीलबाई, आणि कोपऱ्यात छोट्या यंत्रावर प्रत्येकाचा शब्द न् शब्द टिपून घेणारी डार्लीन. कंपनीला टेक्सासच्या या किनाऱ्यावरून आणखी पंचवीस रॉकेटं उडवून बघायची होती. परवानगी द्यायची की नाही, ते आजच्या नोंदीवरून ठरणार होतं. नोंदीत नाही ते घडलंच नाही, असा सरकारचा खाक्या.

मार्चमधल्या चाचणीत रॉकेट हवेतच फुटलं होतं. सगळे तुकडे कुंपणाच्या आतच पडले, असं कंपनी तेव्हापासून छातीठोकपणे सांगत होती. सरकारने तपास करून अहवाल लिहिला. होवीताने तो मागितला, मागत राहिली, आणि आठ महिन्यांनी तो तिच्या हाती पडला. कंपनीच्या सांगण्यावरून निम्म्याहून जास्त मजकुरावर काळ्या पट्ट्या मारल्या होत्या. ही धंद्यातली गुपितं आहेत, असं सोबतच्या चिठ्ठीत होतं.

चष्मा सापडला. अडीच मिनिटं उरली होती.

"पान बारा," तिने वाचायला घेतलं. "सकाळी नऊ चाळीसला काळं वजनाचा तुकडा कुंपणापासून काळं अंतरावर, काळं येथे पडला. एक काळं मृत."

मागच्या रांगेत कोळंबीवाला चेमा खुदकन हसला. "वाचा, होवीताबाई. आम्हाला घाई नाही."

पान तेरा तर सबंध काळं होतं. तिने तेही सोडलं नाही. ओळीवरून बोट सरकवत ती "काळं, काळं" म्हणत गेली आणि डार्लीनची बोटं इमानेइतबारे तेच टिपत राहिली.

व्हिटकमने घसा खाकरला. अहवाल सगळ्यांकडे आहे, तो वाचण्यात वेळ दवडू नये, आपलं काही म्हणणं असेल तर सांगावं, असं त्याने अदबीने सुचवलं. माणूस वाईट नव्हता. पण या अदबीचाच होवीताला आठ महिन्यांत वीट आला होता.

"माझंच सांगतेय, साहेब. हे कुणाचं गुपित नाही, माझं परसू आहे."

ती परत पान बारावर आली आणि या वेळी एकेक पट्टी उघडत गेली. वजन तिला ठाऊक नव्हतं, पण चेमा आणि त्याचे दोन भाऊ मिळूनही त्यांच्याने तो तुकडा हलला नव्हता. कुंपणापासून अंतर चार मैल. पडला तिच्या तबेल्यावर. शेवटच्या पट्टीपाशी तिचं बोट थांबलं. तिला रडू येत होतं आणि या लोकांपुढे रडायचं नव्हतं.

"ही एवढीशी पट्टी आहे ना, हिच्याखाली माझा घोडा आहे. बावीस वर्षं होता माझ्याकडे. कनेलो त्याचं नाव."

वकीलबाई उभ्याच राहिल्या. "ही माहिती गोपनीय आहे. नोंदीतून वगळा."

डार्लीनची बोटं हललेली होवीताने पाहिली. हे वाक्यही टिपलं गेलं होतं.

"कुंपणाबाहेर काही पडलंच नाही ना, बाई?" ती म्हणाली. "मग माझा घोडा गोपनीय कसा?"

वकीलबाई व्हिटकमकडे बघायला लागल्या. व्हिटकम आपल्यासमोरच्या पान बाराकडे बघायला लागला. तेवढ्यात घड्याळ वाजलं. वेळ संपली, असं तो म्हणाला खरा, पण पुढचं नाव काही पुकारेना. होवीताने चष्मा काढला. ती जागची हलली नाही.

मग कोपऱ्यातून आवाज आला. अकरा वर्षं असल्या सभा टिपून घेणारी डार्लीन आजवर एकाही सभेत बोलली नव्हती.

"मिसेस कांतू," तिने विचारलं, "कनेलोमध्ये एल एक की दोन?"

"एकच," होवीता म्हणाली.