आखूड काडी

तीन सुरुंग पेटवले होते, धडाके झाले दोनच.

विहिरीच्या काठावर चौघंही कान देऊन होते. धूर निवळला तरी तिसरा आवाज येईना. लढाईच्या दिवसांत सुरुंगाची दारू मिळायची तीच भेसळीची. कधी उडायची, कधी नुसतीच फुसफुसून बसायची. आणि बसलेल्या सुरुंगाचा भरवसा कुणी द्यावा? आता एकानं खाली उतरून त्या भोकात पाणी ओतायचं, ठासलेली दारू हळूहळू कोरून काढायची. बाकीच्यांनी वर थांबून देवाचं नाव घ्यायचं.

"चला, काड्या काढू," मुकादम संतराम म्हणाला.

नेमसिंगनं तांड्याच्या वाटेकडं बघितलं. तिकडं त्याच्या बायकोचे, मोतीबाईचे, दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण.

साखऱ्याच्या शिवारातली उत्तमराव पाटलांची ही विहीर दिवाळीपासून चालू होती. खाली नुसता काळा पाषाण. पण संतरामची टोळी अशी, की पाटील कामंधामं सोडून काठावर बघत बसायचे. लखमा घण घालायचा, किसनराव पहार धरायचा. घण जरा चुकला तर मनगट गेलंच, पण किसनराव मान वर करून एकदाही बघायचा नाही. "भ्याव न्हाई वाटत?" असं नेमसिंगनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "घण लखमाचा हाय ना," एवढंच किसनराव म्हणाला होता. हाक न मारता पाटी भरायची, वर जायची, रिकामी होऊन परत यायची. एखाद्याला ताप आला तर त्याच्या वाटचं काम सांजेपर्यंत झालेलं असायचं. कुणी केलं ते विचारायचं नाही.

"एका आईची लेकरं बी इतकी मिळून ऱ्हात न्हाईत," पाटील म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

नेमसिंगचाही या माणसांवर जीव होता. तांड्यावरचा म्हणून पहिल्या दिवशी तो भाकरी घेऊन बाजूला बसला, तर संतरामनं त्याचं फडकं उचलून सगळ्यांच्या मधोमध आणून ठेवलं होतं. ते तो विसरला नव्हता.

सलत होत्या त्या फक्त काड्या.

सुरुंगाला बत्ती द्यायला कोण उतरणार, हे दर वेळी काड्यांवर ठरायचं. संतराम कडब्याच्या चार काड्या विळ्यानं कापायचा. तीन लांब, एक आखूड. त्या पागोट्याखाली झाकायच्या. ज्यानं त्यानं न बघता एक उचलून मुठीत धरायची. मग मुठी उघडायची त्या तिघांना कोण घाई! कुणाची तरी आखूड निघायची, तो धोतर खोचून उतरायचा आणि बाकीचे आपापल्या काड्या विहिरीत भिरकावून मोकळे. नेमसिंगची मूठ मात्र भीतीनं आवळलेलीच राहायची. ती उघडायची वेळच कधी आली नव्हती.

पण परवा त्याची नजर सहज संतरामच्या मुठीवर गेली. आत अंगठा हलत होता. काल लखमाचाही हलला. नेमसिंगनं रात्रभर विचार केला आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. ही मंडळी सदऱ्याच्या बाहीत लांब काडी दडवतात आणि मुठीतल्या मुठीत बदलतात. ज्याला बदलायला साधत नाही, तो उतरतो. आज तर बसलेला सुरुंग. आज तिघंही साधून घेणार आणि आखूड काडी आपल्या गळ्यात येणार. इतक्या चांगल्या माणसांच्या पोटात हे असावं, याचं त्याला भीतीपेक्षाही जास्त वाईट वाटलं.

पागोट्याखालून चौघांनी काड्या उचलल्या. चार मुठी आवळल्या. किसनराव आपली उघडणार, तोच नेमसिंग ओरडला.

"थांबा! आज एकट्या-दुकट्यानं उघडायची न्हाई. समद्यांनी संगं उघडायची. अन् काडी कुणी फेकायची न्हाई."

संतराम दचकला. "काहून रे? चालत आलेली रीत काहून मोडून राहिला?"

"मुठीत तुमचा अंगठा काहून हलून राहिला, ते सांगा अगुदर."

लखमा खाली बघू लागला. किसनरावनं हात पाठीमागं नेला. चोराच्या मनात चांदणं, असं नेमसिंगला वाटलं.

"माझं लेकरू आजून दुनियेत आलं न्हाई, मुकादम. त्याच्या बापाला फसवून खाली धाडू नका."

"फसवून?" संतराम त्याच्याकडं बघतच राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "जाऊ दे पोरा. ऱ्हाऊ दे काड्या. मीच उतरतो."

पकडला गेला म्हणून आता मोठेपणा! नेमसिंग आणखीच पेटला.

"तसं न्हाई. माझ्या नशिबात असंल तर मी उतरंन. पर हिसाब बराबर झाला पायजे. उघडा!"

कुणी हलेना. शेवटी त्यानं किसनरावचं मनगट धरून पुढं ओढलं. तेव्हा कुठं बाकीचे हात पुढं आले आणि चारही मुठी एकदम उघडल्या.

किसनरावची काडी आखूड होती. लखमाचीही आखूड. संतरामचीही. तिन्हींतल्या एकीवर विळ्याचा साफ काप होता. दुसऱ्या दोन नखानं नुकत्याच खुडलेल्या होत्या.

लांब होती ती एकट्या नेमसिंगची.